हौशी सीएनसी मिलवरील मायक्रोस्टेपिंगचे दोष: मोजून शोधण्याची पद्धत

छोट्या सीएनसी मिलवर जॉबचे माप चुकले, की नवीन माणूस बहुधा ड्रायव्हरचे, म्हणजे मोटरीला प्रवाह देणाऱ्या पाटीचे, जंपर (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) बदलतो किंवा कंट्रोलरमधला 'एका मिलिमीटरला किती स्टेप' हा आकडा अंदाजाने कमी-जास्त करतो. त्याने एखादा जॉब बरोबर निघतोही; परंतु मूळ दोष तसाच राहतो आणि त्याच्या जोडीला चुकीचा आकडा येऊन बसतो. म्हणून या लेखात दुरुस्तीपेक्षा मोजमापाला अधिक जागा दिली आहे. चूक कोणत्या प्रकारची आहे हे एकदा निश्चित झाले, की पुढची दुरुस्ती बहुतेक वेळा अर्ध्या तासाची असते.

उदाहरणासाठी सर्वांत जास्त आढळणारी जुळणी घेतली आहे: आर्डुइनो उनो, त्यावर जीआरबीएल १.१ (जी-कोड वाचून मोटरींना पल्स देणारे सॉफ्टवेअर), सीएनसी शील्ड (ड्रायव्हर बसवण्याची पाटी), ए४९८८ किंवा डीआरव्ही८८२५ ड्रायव्हर, नेमा १७ मापाच्या स्टेपर मोटरी आणि ४ मिमी लीडचा, म्हणजे एका फेऱ्याला अक्ष ४ मिमी सरकवणारा, स्क्रू. आपल्याकडे टीबी६६०० किंवा डीएम५४२ यांसारखे बंद डब्यातले ड्रायव्हर आणि नेमा २३ मोटरी असतील, तरी तपासणीचा क्रम हाच राहतो. जिथे फरक पडतो तिथे तसे नमूद केले आहे.

मायक्रोस्टेपिंगमधून काय मिळते

या मोटरीची एक पूर्ण स्टेप १.८ अंशांची असते, म्हणजे एका फेऱ्याला २०० स्टेप लागतात. ड्रायव्हर दोन्ही कॉइलमधला प्रवाह एकदम चालू-बंद न करता टप्प्याटप्प्याने बदलतो आणि त्यामुळे मोटरीचा रोटर दोन पूर्ण स्टेपच्या मधल्या जागीही थांबू शकतो. १६ भागांचे मायक्रोस्टेपिंग असेल तर एका फेऱ्याला ३२०० पल्स लागतात. स्क्रूचे लीड ४ मिमी असल्यास ३२०० भागिले ४, म्हणजे एका मिलिमीटरला ८०० पल्स होतात आणि कागदावर एका पल्सची हालचाल ०.००१२५ मिमी येते.

हा शेवटचा आकडा यंत्राची अचूकता समजण्याची चूक फार सर्रास होते. सामान्य स्टेपर मोटरीत प्रत्येक पूर्ण स्टेपच्या जागेतच सुमारे ५ टक्के इकडे-तिकडे फरक गृहीत धरलेला असतो. म्हणजे ०.०९ अंश, आणि १६ भागांतला एक मायक्रोस्टेप आहे ०.११२५ अंशांचा. त्यामुळे ३२ किंवा त्याहून अधिक भाग केल्याने अचूकता वाढत नाही. वाढतो तो चालीचा मऊपणा: कंपन कमी होते, आवाज कमी होतो आणि कमी वेगात मोटर धडधडत नाही. मिलसाठी हा फायदाही मोठा आहे, पण तो तेवढाच आहे हे लक्षात ठेवून पुढे जावे.

दुसरी गोष्ट टॉर्कची. मायक्रोस्टेपिंगमुळे मोटरीचा एकूण धारण-टॉर्क (थांबलेली असताना जागा धरून ठेवण्याचा जोर) कमी होत नाही. मात्र एकाच मायक्रोस्टेपने जो टॉर्क निर्माण होतो तो लहान असतो. अर्ध्या स्टेपला तो धारण-टॉर्कच्या सुमारे ७१ टक्के, ८ भागांना १९.५ टक्के, १६ भागांना ९.८ टक्के आणि ३२ भागांना ४.९ टक्के असतो. मोटरीचा धारण-टॉर्क ०.४ न्यूटन-मीटर असेल आणि नट घट्ट असल्याने घर्षणालाच ०.०८ लागत असतील, तर दिशा बदलल्यानंतर पहिले काही पल्स पडूनही स्क्रू जागचा हलत नाही आणि नंतर तो एकदम सरकतो. ही स्टेप सुटलेली नसते, रोटर फक्त मागे राहिलेला असतो. ४ मिमी लीडच्या स्क्रूवर हा फरक काही हजारांश मिलिमीटरचा, म्हणजे नटाच्या बॅकलॅशपुढे (दिशा बदलताना जाणवणाऱ्या ढिलाईपुढे) नगण्य असतो. बेल्टवर चालणाऱ्या यंत्रात मात्र एका फेऱ्याला ४० मिमी हालचाल होत असल्याने हाच फरक दहापट होतो आणि जॉबवर दिसतो.

तपासणीपूर्वीची तयारी

०.०१ मिमी मोजणारा डायल गेज आणि मॅग्नेटिक स्टँड यांशिवाय हे काम नीट होत नाही. व्हर्नियर पुरत नाही, कारण आपल्याला शोधायचे फरक व्हर्नियरच्या हातचुकीपेक्षा लहान असतात. बेड ॲल्युमिनिअमचा असेल तर चुंबक धरणार नाही, म्हणून एक जाड लोखंडी पट्टी बेडला बोल्टने आवळून त्यावर स्टँड ठेवावा. स्पिंडलमधले टूल काढून ठेवावे आणि स्पिंडलचा वीजपुरवठा पूर्ण बंद करावा.

मोटरीची पिन वीज चालू असताना कधीही काढू किंवा लावू नये. कॉइलमधला प्रवाह एकदम तुटल्यावर जो व्होल्टेजचा उसळता झटका येतो, त्याने ए४९८८ सारखा ड्रायव्हर त्याच क्षणी जळू शकतो. ड्रायव्हर काढणे-घालणेही वीज बंद करून, एसएमपीएसचा (वीजपुरवठ्याच्या डब्याचा) दिवा विझल्यानंतरच करावे.

यानंतर जीआरबीएलमध्ये $१ या सेटिंगची किंमत पाहावी. ती मूळची २५ असते, म्हणजे हालचाल संपल्यावर २५ मिलिसेकंदांनी मोटरींचा प्रवाह तोडला जातो. प्रवाह तुटला, की मधल्या मायक्रोस्टेपवर उभा असलेला रोटर आपल्या चुंबकीय ओढीने जवळच्या पूर्ण स्टेपकडे सरकतो आणि डायलचा काटा किंचित हलतो. यामुळे सगळी मोजमापे गढूळ होतात. $१ = २५५ केल्यास प्रवाह कायम राहतो. मिलसाठी ही किंमत कायमचीच ठेवावी असे माझे मत आहे, कारण एका अक्षावर कटिंग चालू असताना दुसरा अक्ष मोकळा सुटणे केव्हाही वाईट. मोटरी थोड्या अधिक तापतील, ते चालते.

पहिली पायरी: एक फेरा तपासणे

स्क्रूच्या किंवा कपलिंगच्या कडेवर मार्करने एक बारीक रेघ मारावी आणि तिच्यासमोर स्थिर भागावर दुसरी रेघ मारावी. आता यंत्राला स्क्रूच्या लीडइतकी, म्हणजे आपल्या उदाहरणात बरोबर ४ मिमी हालचाल सांगावी. रेघ एक फेरा पूर्ण करून पुन्हा समोर आली पाहिजे.

अर्धाच फेरा झाला, तर ड्रायव्हरचे मायक्रोस्टेपिंग आपण गृहीत धरलेल्याच्या दुप्पट आहे. दोन फेरे झाले, तर ते निम्मे आहे. चूक २, ४ किंवा ८ अशा पटीत येत असेल तर ती जवळजवळ नेहमी जंपरची किंवा स्विचची असते. याउलट फेरा बरोबर पूर्ण झाला आणि डायलवर ४ ऐवजी ५ किंवा ८ मिमी हालचाल दिसली, तर आपण लीडचा आकडा चुकीचा धरला आहे; टी८ स्क्रू (८ मिमी व्यासाचा) २, ४ आणि ८ मिमी अशा वेगवेगळ्या लीडमध्ये येतो आणि नुसता व्यास पाहून ते कळत नाही. आणि ५० मिमीऐवजी ४९.६ मिमी अशी अर्धवट चूक असेल, तर तिचा मायक्रोस्टेपिंगशी संबंध नाही. कपलिंगचा ग्रबस्क्रू, स्क्रूची स्वतःची चूक किंवा मापण्याची पद्धत तपासावी.

जंपर कुठे फसवतात ते जरा तपशिलाने पाहू. सीएनसी शील्डवर प्रत्येक अक्षाचे तीन जंपर ड्रायव्हरच्या पाटीखाली दडलेले असतात, त्यामुळे ड्रायव्हर उचलल्याशिवाय ते दिसत नाहीत. ए४९८८ मध्ये तिन्ही जंपर लावले तर १६ भाग होतात. डीआरव्ही८८२५ मध्ये तेच तीन जंपर लावले तर ३२ भाग होतात, आणि तिथे १६ भागांसाठी फक्त तिसरा जंपर लावावा लागतो. म्हणून जळालेल्या ए४९८८ च्या जागी डीआरव्ही८८२५ बसवला आणि जंपर तसेच ठेवले, तर तो अक्ष निम्मेच अंतर चालतो. ए४९८८ मध्ये तिसरा जंपर सैल असेल किंवा त्याची पिन वाकलेली असेल, तर १६ ऐवजी ८ भाग होऊन अक्ष दुप्पट पळतो, कारण या पिना मोकळ्या राहिल्या की चिपच्या आत शून्याकडेच ओढलेल्या असतात. जंपर बोटाने दाबून न पाहता चिमट्याने काढावा, पिन सरळ करावी आणि पुन्हा खालपर्यंत बसवावा.

ड्रायव्हर परत बसवताना त्याची बाजू दोनदा तपासावी. दोन्ही ड्रायव्हरांवरचा प्रीसेट (प्रवाह ठरवण्यासाठी फिरवायचा छोटा स्क्रू) पाटीच्या विरुद्ध टोकांना असतो, त्यामुळे प्रीसेट पाहून दिशा ठरवणे धोक्याचे आहे. शील्डवर छापलेली एनेबल पिन आणि ड्रायव्हरवर छापलेली एनेबल पिन जुळवावी. डब्यातल्या ड्रायव्हरवर झाकणावर तक्ता छापलेला असतो, पण डीएम५४२ सारख्यांवर मायक्रोस्टेपऐवजी एका फेऱ्याचे पल्स लिहिलेले असतात. ३२०० म्हणजे १६ भाग, १६०० म्हणजे ८ भाग.

दुसरी पायरी: चूक साचते का ते पाहणे

फेरा बरोबर असेल आणि तरीही जॉब बिघडत असेल, तर पुढची चाचणी खरी महत्त्वाची. डायल एका अक्षाला टेकवून शून्य करावा. मग तो अक्ष डायलपासून २० मिमी दूर नेऊन परत आणणारी शंभर फेऱ्यांची एक छोटी फाइल चालवावी. काटा परत शून्यावर येतो का, आणि नसेल तर किती सरकला, हे टिपून घ्यावे. चाचणी दोनदा करावी: एकदा जी० च्या (न कापता जलद सरकण्याच्या आज्ञेच्या) पूर्ण वेगाने आणि एकदा मिनिटाला २०० मिमी इतक्या सावकाश वेगाने.

मंद आणि जलद अशा दोन्ही चाचण्यांत काटा शून्यावर परत आला, तर एकही स्टेप सुटत नाही आणि दोष कटिंगच्या भारात किंवा बॅकलॅशमध्ये आहे.

फक्त जलद चाचणीत काटा सरकला, तर सरकलेल्या अंतराकडे बारकाईने पाहावे. भाराखाली मोटर घसरते तेव्हा ती मनाला येईल तितकी घसरत नाही; रोटर पुढच्या समान चुंबकीय जागेवर जाऊन बसतो आणि ती जागा चार पूर्ण स्टेपच्या अंतरावर असते. ४ मिमी लीडवर चार स्टेप म्हणजे ०.०८ मिमी. म्हणून फरक ०.०८, ०.१६, ०.२४ असा येत असेल, तर मोटर घसरते आहे हे नक्की समजावे. नवख्यांच्या हातात यापेक्षा उपयोगी दुसरा आकडा नाही, कारण तो एका फटक्यात विद्युत संकेताचा दोष आणि टॉर्कचा दोष वेगळे करतो.

मंद चाचणीतही काटा सरकला आणि तो थोडाथोडा, म्हणजे शंभर फेऱ्यांत ०.१२ ते ०.२५ मिमी असा एकाच दिशेने गेला, तर दर फेरीला एक-दोन मायक्रोस्टेप चुकत आहेत. हा दोष पल्सच्या वेळेचा असतो.

तिसरी पायरी: मोटर घसरत असेल तर

आधी प्रवाह मोजावा. मल्टिमीटरची काळी तार ग्राउंडला आणि लाल तार प्रीसेटच्या धातूच्या डोक्याला टेकवली, की संदर्भ-व्होल्टेज मिळते. ए४९८८ साठी सूत्र असे: प्रवाह गुणिले ८ गुणिले सेन्स-रोधाची किंमत. पाटीवर चिपशेजारी दोन छोटे रोध असतात. त्यांवर आर१०० लिहिले असेल तर रोध ०.१ ओहम आणि १ अँपिअरसाठी ०.८ व्होल्ट, आर०५० असेल तर ०.४ व्होल्ट, आर०६८ असेल तर सुमारे ०.५४ व्होल्ट. हा तपशील सोडून चालत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत एकाच नावाने मिळणाऱ्या पाट्यांवर वेगवेगळे रोध असू शकतात, आणि दुसऱ्याच्या यंत्राचा व्होल्टेज उचलून आपल्या यंत्राला लावला तर प्रवाह दुप्पट किंवा निम्मा होतो. आर१०० रोध असलेल्या डीआरव्ही८८२५ ला १ अँपिअरसाठी ०.५ व्होल्ट लागतात. प्रीसेट फिरवताना प्लॅस्टिकचा किंवा सिरॅमिक टोकाचा स्क्रूड्रायव्हर वापरावा.

प्रवाह वाढवण्यालाही मर्यादा आहे. ए४९८८ हीटसिंक आणि पंख्याशिवाय सुमारे १ अँपिअरपर्यंतच नीट चालतो. अधिक तापला, की चिप स्वतःच प्रवाह तोडते आणि थंड झाल्यावर पुन्हा जोडते. त्यामुळे पहिली काही मिनिटे जॉब सुरेख चालतो आणि मग एखादा अक्ष मध्येच मोकळा सुटतो. असे दिसले तर आधी पंख्याची हवा थेट ड्रायव्हरांवर येते का ते पाहावे. नेमा २३ मोटरीला या छोट्या पाट्या मुळातच पुरत नाहीत. तिथे डब्यातला ड्रायव्हरच हवा.

प्रवाह योग्य असूनही मोटर घसरत असेल, तर $१२० ते $१२२ हे त्वरणाचे आकडे निम्मे करून चाचणी पुन्हा घ्यावी. त्याने दोष गेला नाही तर $११० ते $११२ हे कमाल वेग उतरवावेत. इथे मायक्रोस्टेपिंगचा थेट संबंध येतो: आर्डुइनो उनोवरचे जीआरबीएल सेकंदाला सुमारे ३०,००० पल्सपर्यंत देऊ शकते. ८०० पल्सचा मिलिमीटर असेल तर ही मर्यादा मिनिटाला २२५० मिमी येते. ३२ भाग केले तर मिलिमीटरला १६०० पल्स होऊन मर्यादा ११२५ मिमीवर उतरते. ज्याला ३२ भागांमुळे कोणताही दिसणारा लाभ होत नाही त्याने १६ किंवा ८ वर परत यावे. ५ मिमी लीडच्या बॉलस्क्रूवर ८ भागांनी मिलिमीटरला ३२० पल्स होतात आणि मिलिंगसाठी ते पुष्कळ आहेत.

यांत्रिक अडकणही विसरू नये. वीज बंद करून स्क्रू हाताने पूर्ण लांबीभर फिरवून पाहावा. एका टोकाला तो जड लागत असेल, तर गाईड आणि स्क्रू समांतर नाहीत, आणि कोणतेही सेटिंग ते सरळ करू शकत नाही.

चौथी पायरी: पल्सच्या वेळेचा दोष

दिशा बदलण्याचा संकेत ड्रायव्हरला पल्सच्या थोडा आधी मिळायला हवा. ए४९८८ ला ०.२ मायक्रोसेकंद पुरतात, पण ऑप्टोकपलर (संकेत प्रकाशाने पुढे पोहोचवणारा भाग) असलेल्या डब्यातल्या ड्रायव्हरांना कित्येक मायक्रोसेकंद लागतात. डीएम५४२ ला सुमारे ५. ऑप्टोकपलर चालू होण्याचा आणि बंद होण्याचा वेळ सारखा नसतो, म्हणून एका दिशेला जाताना पहिला पल्स चुकीच्या दिशेने मोजला जातो आणि दुसऱ्या दिशेला तसे होत नाही. दोन चुका एकमेकींना खोडत नाहीत आणि शंभर फेऱ्यांत त्या साचतात. अनेक वळणे असलेल्या कोरीवकामात म्हणूनच हा दोष ठळक होतो आणि सरळ लांब कटमध्ये लपून राहतो.

उपाय असा करावा. $० ही पल्सची रुंदी आहे. ती १० मायक्रोसेकंद ठेवावी. मग $२ ने पल्स उलटा करावा. तिन्ही अक्षांसाठी त्याची किंमत ७ होते. पल्स उलटा झाला, की ड्रायव्हर ज्या कडेवर स्टेप घेतो ती कड पल्सच्या सुरुवातीऐवजी शेवटी येते आणि दिशेच्या संकेताला तेवढे १० मायक्रोसेकंद आधी पोहोचायला मिळतात. शंभर फेऱ्यांची मंद चाचणी पुन्हा घ्यावी. दोष याच कारणाचा असेल तर काटा लगेच शून्यावर परत येऊ लागतो. दोष वाढला, तर $२ पूर्ववत करावे, कारण आधीचीच बाजू बरोबर होती. जीआरबीएलऐवजी लिनक्ससीएनसी हे संगणकावरचे कंट्रोल सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना दिशेचा आगाऊ वेळ आणि पल्सची रुंदी थेट नॅनोसेकंदांत देता येते, त्यामुळे ड्रायव्हरच्या डेटाशीटमधले आकडे थोडे वाढवून तिथे भरावेत.

संकेताच्या तारा स्पिंडलच्या तारेला बांधून नेल्या असतील, तर त्या वेगळ्या कराव्यात. स्पिंडल बंद असताना चाचणी शुद्ध आणि चालू असताना अशुद्ध येत असेल, तर कारण हेच.

पाचवी पायरी: कमी वेगातली उडी

अजून एक दोष असतो, जो स्टेप न सुटताही जॉबवर लहरी उमटवतो. तो पाहण्यासाठी अक्षाला ०.००५ मिमीच्या छोट्या हालचाली एकामागून एक द्याव्यात आणि काट्याकडे लक्ष ठेवावे. निरोगी अक्षावर काटा साधारण सारख्या टप्प्यांनी सरकतो. दोष असलेल्या अक्षावर तो दोन-तीन वेळा जागीच थांबतो आणि मग एकदम उडी घेतो, आणि हा थांबा ठराविक अंतराने, दर ०.०२ मिमीला, पुन्हा येतो. कॉइलमधला प्रवाह शून्य ओलांडतो त्या जागा या असतात. ड्रायव्हर एका ठराविक किमान वेळेपेक्षा कमी काळ कॉइल चालू ठेवू शकत नाही, त्यामुळे वीजपुरवठा २४ व्होल्टचा आणि मोटरीचा रोध कमी असेल, तर फार लहान प्रवाह त्याला साधतच नाही. डीआरव्ही८८२५ मध्ये ही अडचण विशेष दिसते.

पुरवठा १२ व्होल्टवर आणल्यास उड्या कमी होतात, पण वरच्या वेगातला टॉर्क घटतो, म्हणून मिलसाठी मी तो मार्ग सुचवणार नाही. प्रवाह मोटरीच्या मर्यादेत थोडा वाढवून पाहावा, आणि तरीही तिरक्या, उथळ पृष्ठभागांवर लहरी दिसत असतील तर टीएमसी२२०९ सारखा ड्रायव्हर बसवावा. तो १६ भागांचे पल्स घेऊन आत स्वतः २५६ भागांपर्यंत चाल मऊ करतो, आणि कंट्रोलरवरचा भार वाढत नाही. ज्याचे काम मुख्यतः सरळ खाचा, खिसे आणि भोके यांचे आहे, त्याला या खर्चाची गरज नाही.

शेवटची खात्री: जॉबवर

सर्व चाचण्या शुद्ध आल्यावर एमडीएफ किंवा ॲक्रिलिकच्या तुकड्यात ४० मिमी व्यासाचे एक वर्तुळ आणि ४० मिमीचा एक चौरस उथळ कापावा. वर्तुळ एका अक्षावर लांबट आले आणि चौरसाची मापे त्याच प्रमाणात चुकली, तर त्या अक्षाची पहिली पायरी पुन्हा करावी. वर्तुळाची सुरुवात आणि शेवट जुळले नाहीत, तर दुसरी पायरी कटिंगच्या भारासह पुन्हा करावी आणि कटची खोली निम्मी करून फरक पडतो का पाहावे. वर्तुळ बंद झाले, पण वर-खाली आणि डावी-उजवीकडे, म्हणजे जिथे अक्ष दिशा बदलतो त्या चार जागी, ते चपटे किंवा पायरीसारखे दिसले, तर तो नटाचा बॅकलॅश आहे. मूळ जीआरबीएलमध्ये त्याची भरपाई करण्याची सोय नाही. स्प्रिंगचा जोडनट बसवावा किंवा असलेला नट घट्ट करावा, आणि त्यानंतर घर्षण वाढलेले असल्यामुळे जलद वेगाची शंभर फेऱ्यांची चाचणी एकदा परत घ्यावी.